पुरोहित आधीं, देव मागाहून

देवता आणि तिनें भक्तास दिलेलें सामर्थ्य यांत कांहीं मेळ असावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. अग्नीच्या उपासकास ज्वाला वश व्हाव्या, समुद्राच्या उपासकास वादळ शमवितां यावें, यांत कोणास नवल वाटणार नाहीं. परंतु 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवाच्या अमेरिकन खेळांत अग्निदेवाचा पुरोहितहि मंत्र म्हणून पाणी निर्माण करतो, आणि युद्धदेवाचा पुरोहित शत्रूस जखमी करण्याइतकाच मित्रांच्या जखमा भरण्यांत गुंतलेला असतो. हें असें कां, असा प्रश्न खेळणारांस वारंवार पडतो. त्याचें उत्तर त्या खेळाच्या इतिहासांत आहे. आणि तो इतिहास पाहूं लागलें म्हणजे खुद्द प्रश्नाविषयींच शंका येऊं लागते.

ज्या वाचकांस हा खेळ अपरिचित असेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द. चार-सहा मित्र मेजाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकीं एकेका कल्पित वीराची भूमिका घेऊन आपण काय करणार तें सांगतात, आणि यशापयशाचा निर्णय बहुधा फांसे करतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं हा खेळ १९७४ सालीं तीन लहानशा पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध केला. त्यांत वीरांचे तीनच वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे पुरोहित.

हा पुरोहित आला कोठून? खेळ छापला जाण्यापूर्वीं आर्नेसन आपल्या मित्रमंडळींत तो खेळत असे. त्या मंडळींतील एका खेळाडूचें पात्र रक्तपिपासू पिशाच बनून इतकें प्रबळ झालें, कीं त्यास आवर घालणारा कोणी तरी निर्माण करणें भाग पडलें. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरींतील व्हॅन हेल्सिंग आणि त्यावरून निघालेले भयपट हा त्याचा आदर्श. अशा रीतीनें क्रूस उगारून पिशाचांस पिटाळणारा हा पुरोहित जन्मास आला. कोणा देवाची आराधना करण्यासाठीं तो घडविला गेला नव्हता. त्याचें प्रयोजन केवळ भूत घालविण्याचें होतें!

त्याच्या मंत्रांची गोष्टहि तशीच. पहिल्या पुस्तिकेंत त्याला एकंदर २६ मंत्र दिले होते. काठ्यांचे सर्प करणें, कीटकांची धाड आणणें, अन्न व पाणी निर्माण करणें, मृतास उठविणें, हीं नांवें वाचतांच बायबल वाचलेल्यास अहरोनाची काठी, मिसर देशावरील टोळधाड, अरण्यांतील मान्ना आणि खडकांतून काढलेलें पाणी आठवल्यावांचून राहत नाहीं. त्याला धारदार शस्त्राची मनाई होती. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचें चित्रण करणाऱ्या बायोच्या पटावर बिशप ओडो हातीं दांडकें घेऊन घोड्यावर दिसतो. तीच ही परंपरा. सारांश, वेष ख्रिस्ती, चमत्कार ख्रिस्ती, परंतु त्यांच्यामागें देव कोणता, याचा पुस्तिकेंत पत्ता नाहीं. भेद काय तो सत्पक्ष आणि असत्पक्ष एवढाच. असत्पक्षाचा पुरोहित तेच मंत्र उलटे म्हणून भरल्या जखमेऐवजीं नवी जखम करी.

देव मागाहून आले. १९७६ सालीं रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांच्या पुरवणींत, आणि पुढें १९८० च्या 'डीटीज अँड डेमीगॉड्स' या मोठ्या ग्रंथांत, ग्रीक, मिसरी, नॉर्स इत्यादि दैवतें ओळीनें मांडलीं गेलीं. आपले इंद्र, अग्नि आणि वरुणहि त्या पंक्तींत बसले, आणि प्रत्येकाच्या बळाचे आंकडे ठरले! पण पुरोहिताची मंत्रावळी तत्पूर्वींच कायम झाली होती. नव्या भाडेकरूस जुन्या बिऱ्हाडाचें सामान जसेंच्या तसें मिळावें, त्याप्रमाणें एका अनाम ख्रिस्ती पुरोहिताचें भांडार या सर्व देवांच्या वांट्यास आलें.

मग पुढें तें बदललें कां नाहीं? प्रयत्न झाले. १९८९ च्या आवृत्तींत मंत्रांचीं क्षेत्रें पाडून कोणत्या देवाचा पुरोहित कोणत्या क्षेत्रांत संचार करील, तें ठरविलें. २००० च्या आवृत्तींत सामान्य मंत्रावळी सर्वांस ठेवून देवतेच्या स्वभावानुसार कांहीं विशेष मंत्र वर दिले. शिवाय सत्प्रवृत्त पुरोहितास आपला कोणताहि योजलेला मंत्र जखम भरण्याकडे वळविण्याची मुभा मिळाली. कारण उघड आहे. शुश्रूषा करणारा नसेल तर वीरांची टोळी पहिल्याच गुहेंत गारद होते. आणि शुश्रूषा एकाच देवाकडे सोंपविली, तर त्या एकाच देवाची भक्ति सर्वांवर लादल्यासारखें होतें. म्हणून २०१४ च्या आवृत्तींतहि पाण्याचा मंत्र पुरोहितांच्या सामान्य यादींत आहेच, मग देव अग्नीचा असो वा सागराचा.

येथवर इतिहास झाला. परंतु ही विसंगति खरोखर विसंगति आहे काय? प्राचीनांकडे पाहावें. मार्स हा रोमनांचा युद्धदेव. तथापि इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांत केटोनें शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत शेताची प्रदक्षिणा करून याच मार्सकडे पीक, द्राक्षवेली, गुरें आणि घरच्या माणसांचें आरोग्य मागण्याची प्रार्थना दिली आहे. इलियडच्या आरंभींच अपोलो आपल्या पुजाऱ्याच्या हांकेसरशी ग्रीकांच्या छावणींत मरी सोडतो, आणि त्याच पुजाऱ्याच्या विनवणीनें ती आवरतो. ऋग्वेदांतील रुद्र बाण सोडणारा खरा. पण वैद्यांतील श्रेष्ठ वैद्यहि तोच. ऐतरेय ब्राह्मणांतील वरुणानें हरिश्चंद्रास पुत्र दिला, वचनभंग होतांच त्याच्या पोटांत उदर उत्पन्न केला, आणि शुनःशेपाच्या स्तुतीनें तो दूरहि केला. पटकीची साथ आली असतां गांवकरी ज्या मरीआईची ओटी भरीत, ती साथ आणणारी आणि नेणारीहि एकच होती.

उलट पक्षीं, एकेक काम वांटून घेतलेले देव मुळींच नव्हते असें नाहीं. संत ऑगस्टीननें पांचव्या शतकांत रोमनांची थट्टा केली, कीं दारावर माणूस एक पुरतो, पण यांना फळ्यांचा एक, बिजागरांची एक आणि उंबरठ्याचा एक असे देव लागतात. परंतु त्याच रोमनांचा शेतकरी पिकासाठीं युद्धदेवाच्या पायां पडत होता, हें विसरून चालणार नाहीं. गरज मोठी असली, म्हणजे भक्त देवाचें खातें पाहत नाहीं; जो आपला देव, त्याच्याकडेच तो सर्व कांहीं मागतो. नवस बोलणाऱ्या कोणत्याहि घरास हें सांगावयास नको.

तेव्हां आमच्या मतें दोष त्या मंत्रावळीचा नसून देवाच्या नांवापुढें लाविलेल्या एका शब्दाच्या चिठीचा आहे. 'इंद्र, पावसाचा देव', 'मार्स, युद्धाचा देव' अशा चिठ्या केवळ त्या खेळाच्याच ग्रंथांत आढळतात असें नाहीं. आपलीं मुलें शाळेंतहि त्याच पाठ करतात आणि देव समजला असें मानतात. खेळांतील पुरोहिताच्या हातीं अनपेक्षित मंत्र पाहून ज्या मुलास 'हें येथें कसें?' असा प्रश्न पडेल, त्यानें यादी खोडण्याची घाई करूं नये. आधीं त्या देवाचीं सूक्तें आणि कथा वाचाव्या. खेळाच्या कर्त्यांनीं केवळ सोयीसाठीं जें केलें, तें एका शब्दाच्या चिठीपेक्षां जुन्या भक्तांच्या देवांस अधिक जवळचें आहे, असें त्यास बहुधा आढळून येईल.