प्रशिक्षकाचा लौकिक आणि त्याची कुवत : खालिद जमील यांचा दाखला

फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाचा लौकिक त्याच्या खऱ्या कुवतीशी कितपत जुळतो, हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. खेळाडूचे मोजमाप निदान डोळ्यांदेखत होते. त्याने चुकवलेला गोल हजारो लोक पाहतात. प्रशिक्षक मात्र सीमारेषेबाहेर उभा असतो. त्याचे काम सरावाच्या मैदानावर, संघनिवडीच्या कागदावर आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत उरकलेले असते. लोकांपर्यंत पोहोचतो तो गुणतक्ता. केळापूर तालुक्यात राष्ट्रीय साखळीचे सामने होत नाहीत. पांढरकवड्याच्या वाचकाला प्रशिक्षक कळतो तो वर्तमानपत्रातील निकालांवरून आणि त्या निकालांनी बनवलेल्या नावावरून. मुंबई-कोलकात्याच्या प्रेक्षकाची स्थितीही याहून फारशी निराळी नसते.

इंग्लंडमध्ये ज्याला ‘मॅनेजर’ म्हणतात तो पूर्वापार खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही लक्ष घालत आला. भारतात त्याला प्रशिक्षकच म्हणतात, आणि खेळाडू घ्यायचे कोणते, त्यांना द्यायचे किती, हे बहुधा क्लबचे मालक व पदाधिकारी ठरवतात. म्हणजे ज्या निकालांवरून प्रशिक्षकाची किंमत ठरते, त्यांतील मोठा भाग त्याच्या हाती नसतोच. ही गोष्ट ध्यानात ठेवून पाहावे असे महाराष्ट्राच्या मैदानांवर घडलेले उदाहरण म्हणजे खालिद जमील. पंधरा-सोळा वर्षांत त्यांच्या नावाला इतके चढउतार आले, की प्रत्येक वेळी निराळ्याच माणसाविषयी बोलले जात आहे असे वाटावे.

जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये, भारतीय कुटुंबात झाला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. मधल्या फळीतील खेळाडू म्हणून ते महिंद्र युनायटेड व एअर इंडियाकडून खेळले, भारताचेही प्रतिनिधित्व केले. दुखापतींनी त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द आखडली आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मुंबई एफसी या तरुण क्लबचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले.

टिकून राहण्याची कला

मुंबई एफसीत जमील २०१६ पर्यंत, म्हणजे सात मोसम राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये एकाच क्लबकडे इतका काळ टिकणे दुर्मीळच. या काळात संघाने विजेतेपद तर सोडाच, वरच्या तीन क्रमांकांतही कधी स्थान मिळवले नाही. कुपरेज मैदानाच्या नूतनीकरणामुळे काही काळ घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. कोलकात्याच्या आणि गोव्याच्या क्लबांच्या तुलनेत तिजोरी तोकडी. तरीही हा संघ दरवर्षी दुसऱ्या श्रेणीत घसरण्यापासून बचावला. त्यातून जमील यांच्या नावावर शिक्का बसला तो ‘बचावात्मक’ प्रशिक्षकाचा: दहा जणांना मागे ठेवायचे, लांब चेंडू मारायचा आणि बरोबरीवर समाधान मानायचे. पत्रकार परिषदेत मोजकेच बोलण्याच्या त्यांच्या सवयीने या प्रतिमेला खतपाणीच मिळाले असावे.

हा शिक्का सर्वस्वी खोटा नव्हता. मात्र त्यात एक गोष्ट जमेस धरलेली नव्हती. जमील गेल्यानंतरच्या पहिल्याच, म्हणजे २०१६-१७ च्या मोसमात मुंबई एफसी तळाला गेला आणि आय-लीगमधून बाहेर पडला. त्या एका मोसमात क्लबला प्रशिक्षकही बदलावा लागला. सात वर्षे जे ‘काहीच नाही’ असे वाटत होते, त्याची किंमत ते नाहीसे झाल्यावर कळली.

आणि नेमक्या त्याच मोसमात जमील यांचे नाव देशभर झाले. ऐजॉल एफसी हा मिझोरमचा संघ २०१५-१६ मध्ये नऊ संघांत आठवा येऊन घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे जागा रिकामी झाली आणि ऐजॉलला परत बोलावण्यात आले. या संघाने जमील यांच्या हाताखाली १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून विजेतेपद पटकावले; मोहन बागानचे ३६ गुण होते. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉलमध्ये झोमिंगलियाना राल्टे याच्या हेडरने बागानवर १-० असा विजय मिळाला. ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध एका गुणाची गरज असताना संघ आधी पिछाडीवर पडला, मग विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. एक वर्ष आधी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने घडवलेल्या चमत्काराशी तिची तुलना झाली, ती गैरही नव्हती.

या विजयात जमील यांचा वाटा किती? जयेश राणे व आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडू ऐजॉलच्या संघात होते. लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान आणि सीरियाचा महमूद अल आमना यांच्याभोवती मधली फळी उभी होती. तिला स्थानिक मिझो खेळाडूंच्या वेगाची जोड मिळाली. दुसऱ्यांनी दुर्लक्षिलेले खेळाडू पारखून त्यांना ठरावीक काम नेमून देणे, हे निश्चितच प्रशिक्षकाचे श्रेय. परंतु त्या मोसमात बहुतेक अटीतटीचे प्रसंग ऐजॉलच्या बाजूने वळले, हेही तितकेच खरे. एका गुणाच्या फरकाने मिळालेले विजेतेपद आणि एका गुणाने हुकलेले विजेतेपद यांत प्रशिक्षकाच्या कुवतीचा फरक नसतो; नावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

नावाचे ओझे

लगोलग ईस्ट बंगालने जमील यांना नेले. अल आमनाही सोबत गेला. २००३-०४ नंतर राष्ट्रीय साखळी न जिंकलेल्या या क्लबला अर्थातच चमत्कार हवा होता. २०१७-१८ मध्ये संघ चौथा आला. सुपर कपच्या अंतिम सामन्यात बेंगळूरुने ४-१ ने हरवले. जमील यांना जावे लागले. पुढच्या मोसमात मोहन बागानने त्यांना मध्येच बोलावले; तिथेही हाती काही लागले नाही. दोन वर्षांपूर्वीचा किमयागार आता ‘एका मोसमाचा धनी’ ठरला.

कोलकात्यातील अपयशाचा एक अर्थ असा, की ऐजॉल हा अपवादच होता. दुसरा अर्थ खेळाच्या जाणकारांना अधिक पटेल. लहान संघ प्रतिस्पर्ध्याला चेंडू देऊन, जागा अडवून, वेगाने प्रतिहल्ला करून जिंकू शकतो. मोठ्या संघासमोर प्रतिस्पर्धीच मागे दडून बसतो. तटबंदी फोडण्याची, चेंडू ताब्यात ठेवून वाट काढण्याची कला निराळी. जमील यांना ती तेथे दाखवता आली नाही. शिवाय कोलकात्यात दोन बरोबऱ्यांनंतर फाटकाबाहेर घोषणा सुरू होतात, तेथे संथपणे संघ बांधायला उसंत कुठली?

युरोपात या प्रश्नाचा आकड्यांनी छडा लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’ (२००९) या पुस्तकात इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतील क्लबांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला आणि खेळाडूंच्या पगारावरील खर्चावरूनच क्लबच्या सरासरी क्रमांकातील सुमारे नव्वद टक्के फरक उलगडतो असे दाखवले. मग प्रशिक्षकाला उरते ते थोडके. बास टेर वील या अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्समधील १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षकबदल तपासले. प्रशिक्षक काढल्यावर संघाची कामगिरी सुधारते खरी. पण तशाच घसरणीत सापडूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, ते संघही तितकेच सावरतात. पडता काळ सरला, एवढाच त्याचा अर्थ. नव्या माणसाचे नाव मात्र होऊन जाते.

याचा अर्थ प्रशिक्षक कुचकामाचा असा मात्र नाही. ब्रायन क्लफ यांना लीड्स युनायटेडने १९७४ मध्ये अवघ्या ४४ दिवसांत घालवले. त्याच क्लफ यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या मध्यम क्लबला १९७९ व १९८० असे दोनदा युरोपियन कप जिंकून दिले. खर्चाच्या मानाने जो संघ वारंवार वर येतो, त्याचा प्रशिक्षक काहीतरी जाणतो. कसोटी ‘वारंवार’ या शब्दाची आहे.

विदर्भाला हा प्रश्न क्रिकेटमुळे परिचयाचा आहे. रणजी करंडक कधीही न जिंकलेल्या विदर्भाने चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा तो जिंकला. पंडित यांनी पुढे मध्य प्रदेशला २०२१-२२ मध्ये पहिल्यांदा विजेते केले; त्याआधी मुंबईला तीनदा केले होते. तीन निरनिराळ्या संघांबरोबर हे जमले, तेव्हा योगायोग म्हणून ते उडवून लावता येत नाही. पण आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सने २०२४ चे विजेतेपद मिळवले तेव्हा श्रेय बव्हंशी मार्गदर्शक गौतम गंभीर यांच्या नावे जमा झाले, आणि २०२५ मध्ये संघ आठवा आल्यावर पंडित यांचे पद गेले. इकडे विदर्भाने २०२४-२५ मध्ये उस्मान घनी प्रशिक्षक असताना पुन्हा रणजी जिंकली. घनी यांचे नाव पंडितांइतके कितीजणांच्या ओठांवर आहे?

दुसरी खेळी

जमील यांच्या बाबतीत ‘वारंवार’ची कसोटी पाहायची तर ऐजॉलनंतरचा काळ महत्त्वाचा. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नुस यांना दूर केले आणि हंगामी प्रशिक्षक म्हणून जमील यांच्याकडे संघ सोपवला. साखळीतील उरलेल्या सामन्यांत एकही पराभव न पत्करता त्यांनी संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेले. त्याआधी कोणा भारतीय प्रशिक्षकाला ते साधले नव्हते. या स्पर्धेत प्रशिक्षक म्हणजे परदेशीच, असा जणू अलिखित नियम होता. भारतीयांच्या वाट्याला सहायकाचे काम येई. ऑक्टोबर २०२१ मध्ये जमील यांना कायम करण्यात आले आणि संघ ११ पैकी दहावा आला. पुन्हा नाव खाली.

डिसेंबर २०२३ मध्ये जमशेदपूरने त्यांना बोलावले. तो मोसम अकराव्या क्रमांकावर संपला. मात्र २०२४-२५ मध्ये तोच क्लब ३८ गुणांसह पाचवा आला, बाद फेरीत नॉर्थईस्टला हरवून उपांत्य फेरीत गेला आणि देशातील सर्वांत बलाढ्य मोहन बागानला पहिल्या सामन्यात २-१ असे नमवले. परतीच्या सामन्यात भरपाई वेळेतील गोलने जमशेदपूरचे स्वप्न भंगले. तो गोल करणारा अपुइया हा २०२०-२१ च्या नॉर्थईस्ट संघात जमील यांच्याच हाताखाली खेळलेला. सुपर कपच्या अंतिम फेरीतही जमशेदपूर पोहोचला. तेथे एफसी गोवाने ३-० ने मात केली.

त्या मोसमाचा तक्ता बारकाईने पाहण्याजोगा आहे. जमशेदपूरने २४ पैकी १२ सामने जिंकले, १० गमावले आणि केवळ दोन बरोबरीत सोडवले. केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल अधिक होते. ‘बरोबरीसाठी खेळणारा’ म्हणून ज्यांना हिणवले गेले त्यांच्या संघाचा हा हिशेब आहे! मुंबई एफसीच्या काळातला शिक्का निदान या जमशेदपूरला लागू पडत नव्हता. तरी तो पुसायला कोणी फारशी घाई केली नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी दोन वर्षे सर्वोत्तम पुरुष प्रशिक्षक ठरवले, हे येथे नमूद केले पाहिजे.

१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी निवड झाली. सावियो मदेरा यांच्यानंतर, तेरा वर्षांनी हे पद भारतीयाकडे आले. मदेरांच्या आधी २०११ मध्ये गोव्याचे आर्मांदो कुलासो यांना अशीच संधी मिळाली होती. धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणाऱ्या, पुढे द्रोणाचार्य पुरस्काराने गौरवल्या गेलेल्या या प्रशिक्षकाच्या वाट्याला राष्ट्रीय संघाबरोबर काही आठवडे आणि संयुक्त अरब अमिरातीविरुद्धचे दोन पात्रता सामने आले: एक ०-३ असा पराभव, एक २-२ अशी बरोबरी. त्यावरून कुलासो यांच्याविषयी काय ठरवायचे?

जमील यांची सुरुवात दणक्यात झाली. ताजिकिस्तानात मध्य आशियाई संघटनेच्या स्पर्धेत यजमानांना २-१ ने हरवून आणि क्रमवारीत बरेच वर असलेल्या ओमानवर टायब्रेकरमध्ये मात करून भारताने तिसरा क्रमांक मिळवला. मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नव्हते, तरीही. मागे राहून चिकाटीने लढण्याचे हे सामने होते, जमील यांच्या हातखंड्यातले. मग आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरशी गाठ पडली. तेथे भारताला जिंकणे भाग होते, कारण आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात दोन सामन्यांत एकच गुण मिळाला होता. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात दहा खेळाडूंनिशी अखेरच्या क्षणी १-१ अशी बरोबरी साधली गेली. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगटेच्या गोलने आघाडी घेऊनही संघ १-२ ने हरला आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १-० ने हरवले; त्यांच्याकडून भारताचा २२ वर्षांतील तो पहिलाच पराभव होता.