चर्च, इगर्जी आणि मंडळी

'इगर्जी' हा शब्द हल्ली मराठीत फारसा कानावर पडत नाही. गोव्यात 'इगर्ज' अजून नांदते आहे, बाकी सगळीकडे 'चर्च'. एक शब्द पोर्तुगीजांकडून आला, दुसरा इंग्रजांकडून. आपल्या लेखी दोन्ही म्हणजे ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनास्थळ. पण कुळं शोधायला गेलं की दोघांची गोत्रं वेगळी निघतात, आणि मला खरी गंमत तिथेच वाटते.

'चर्च' हा 'किरिआकॉन' या ग्रीक शब्दावरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. किरिआकॉन म्हणजे 'प्रभूचं'. म्हणजे प्रभूचं घर, वास्तू. 'इगर्जी' मात्र पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून, आणि त्याच्या मुळाशी आहे ग्रीक 'एक्लेसिया'. याचा अर्थ घर नाही, देऊळही नाही. याचा अर्थ सभा! अथेन्सचे नागरिक प्निक्स टेकडीवर जमून युद्ध, तह, कायदे ठरवत, ती एक्लेसिया. काही निर्णयांना तर ६००० जणांची हजेरी लागे. नव्या करारात इफिससच्या दंग्याची गोष्ट आहे. देवीची चांदीची देव्हारी विकणाऱ्या सोनारांचा धंदा बुडायला लागला, म्हणून गाव नाट्यगृहात जमलं, आणि आपण का जमलोय हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. त्या जमावालाही मूळ ग्रीकमध्ये शब्द हाच आहे, एक्लेसिया. (आपल्याकडच्या सभांची आठवण आली तर दोष माझा नाही.)

आता वाटेल, शब्दांची व्युत्पत्ती ती, तिने कोणाचं काय बिघडतं? विल्यम टिंडेलचं बिघडलं. त्याने १५२६ साली ग्रीकवरून केलेला नव्या कराराचा इंग्रजी अनुवाद छापला, आणि एक्लेसियाला 'चर्च' न म्हणता 'काँग्रिगेशन', म्हणजे जमलेली माणसं, असा शब्द घातला. थॉमस मोर भडकला. त्याचं भडकणं मला समजतं. एक्लेसिया म्हणजे नुसती जमलेली माणसं असतील, तर पोप, बिशप आणि त्यांचा अधिकार कुठे बसवायचा? टिंडेलवर पाखंडाचा खटला झाला. १५३६ मध्ये त्याला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. आरोप इतरही होते, एका शब्दापायी कोणी जाळत नाही. पण या शब्दाची धास्ती पुढेही टिकली. १६११ साली निघालेल्या बायबलसाठी जेम्स राजाच्या अनुवादकांना जे नियम दिले होते, त्यांत 'चर्च'चं 'काँग्रिगेशन' करायचं नाही, असं स्पष्ट बजावलेलं होतं.

मराठी बायबलात एक्लेसियाला शब्द आहे 'मंडळी'. मला तो फार आवडतो. 'काँग्रिगेशन'ला नसलेली ऊब त्यात आहे. कीर्तनकार समोरच्यांना मंडळी म्हणतो, लग्नाला मुलाकडची मंडळी येतात, आणि जुन्या वळणाचा नवरा बायकोचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करतो.