मांडवीवरील सायंभोजन

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात झाले. त्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामातील चाळीसेक माणसांना घेऊन मी डिसेंबरात गोव्याला गेलो होतो. सकाळी से कॅथेड्रलमध्ये रांगेत उभे राहून दर्शन झाले, दुपारी झाडांच्या सावलीत सर्वांनी डबे सोडले, आणि उन्हे कलू लागताच तरुण मंडळींनी आपला बेत पुढे ठेवला. "फादर, संध्याकाळी पणजीला मांडवीवर बोटीतून जेवायला जायचे."

यात्रेच्या दिवशी नाचगाण्याची बोट! खरे सांगायचे तर मनातून मला ते रुचले नव्हते. परंतु मुलांचे चेहरे पाहून नकार देणे जिवावर आले, म्हणून गेलो. आज वाटते, गेलो ते बरे झाले. सकाळी जो इतिहास मी दगडांत पाहिला होता, त्याचा उरलेला अर्धा भाग त्या संध्याकाळी पाण्यावर भेटला.

पणजीच्या पुलाशेजारी ज्या धक्क्यावरून या बोटी सुटतात, त्याला सांता मोनिका असे नाव आहे. संत मोनिका म्हणजे संत ऑगस्टिनची आई. मुलासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी ही माता इ. स. ३८७ साली टायबर नदीच्या मुखाशी, ओस्तिया बंदरात वारली. आफ्रिकेला आपल्या घरी नेणाऱ्या जहाजाची ती वाट पाहत होती. जहाजाची वाट पाहता पाहता देह ठेवलेल्या या संत स्त्रीचे नाव एका नदीकाठच्या धक्क्याला मिळावे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटला. जुन्या गोव्यात १६०६ साली स्थापन झालेला भगिनींचा मठही तिच्याच नावाचा. बेबिंक हे गोव्याचे थरांचे मिष्टान्न त्या मठातील एका भगिनीने प्रथम केले, अशी आख्यायिका आहे.

बोट सुटली. जुने गोवे राहिले नदीच्या वरच्या अंगाला, दहाएक किलोमीटरवर. आमची बोट निघाली खालच्या अंगाला, समुद्राच्या दिशेने. डाव्या हाताला पणजीचे दिवे, आदिलशहाचा जुना वाडा, त्याच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा. उजव्या हाताला बेती, पुढे रेइश मागुशचा किल्ला व त्याच्या पायथ्याचे चर्च, आणि त्याहून दूर आग्वादचा काळोखा डोंगर. वरच्या मजल्यावर देखणी, फुगडी आणि कोरिदिन्यो यांचे नाच सुरू झाले. खाली पाव, भात, माशांची कढी, कोंबडीची शागुती असे जेवण मांडले गेले. ताट हातात घेऊन मी कठड्यापाशी उभा राहिलो, तेव्हा सेमिनरीत असताना वाचलेले एक प्रकरण मला आठवले आणि घास हातातच थांबला.

ते प्रकरण १५१० सालचे. त्या वर्षाच्या आरंभी अफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. पण मे महिन्यात आदिलशाही फौजेने तो परत घेतला. पोर्तुगीज माणसे जहाजांवर चढून पळाली खरी, परंतु तोवर पाऊस सुरू झाला होता. नदीच्या मुखाशी खवळलेला समुद्र आणि वाळूचा बांध यांमुळे जहाजे बाहेर पडू शकत ना, आणि काठावर शत्रू असल्याने त्यांना परतही जाता येईना. पणजीच्या किल्ल्यातून तोफा डागल्या जात होत्या. असे ते आरमार याच पाण्यात सुमारे अडीच महिने अडकून पडले. शिधा संपला. माणसांनी उंदीर खाल्ले, पेट्यांवरचे कातडे उकडून खाल्ले. त्या काळच्या वृत्तान्तांत असेही नमूद आहे की, आदिलशाही पक्षाने अन्नाची नाव पाठवून दिली. शत्रूला तलवारीने जिंकावे, भुकेने नव्हे, असा त्यांचा निरोप होता. आल्बुकेर्कने ते अन्न परत पाठवले. आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेला मद्याचा बुधला आणि बिस्किटे त्याने डेकवर मांडून दाखविली, जणू आमच्याकडे सारे भरपूर आहे. ऑगस्टमध्ये समुद्र शमला आणि ती जहाजे निघून गेली.

जिथे आज भोजनाच्या नौका फिरतात, तिथे झालेली ही पहिली मोठी नोंदलेली मेजवानी म्हणायची! एका बाजूने माणुसकीने पाठविलेले ताट आणि दुसऱ्या बाजूने अभिमानाने नाकारलेले ताट. याचा शेवट गोड झाला नाही. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, आल्बुकेर्क परत आला, शहर जिंकले, आणि मुसलमानांची सरसकट कत्तल केली. त्याने राजाला लिहिलेल्या पत्रात स्वतःच ती सांगितली आहे. ज्यांनी अन्न पाठविले होते, त्यांच्याच धर्मबांधवांची ती कत्तल होती. संत कॅथरिनच्या नावाने बांधलेल्या चॅपलपुढे आपण भक्तिभावाने उभे राहतो. त्या दिवसाचे हे अंगही आपल्याला ठाऊक असावयास हवे.

पुढे ही नदी गोव्याचे महाद्वार झाली. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली जहाजे सहाएक महिन्यांनी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, येथे पोहोचत. त्यांना गोडे पाणी हवे असे. आग्वाद या नावातच पाणी आहे: पोर्तुगीजांचा 'आग्वा'. १६१२ साली पूर्ण झालेल्या त्या किल्ल्यात झऱ्याचे पाणी साठवून जहाजांना पुरविले जाई. ताज्या अन्नाअभावी हिरड्या सुजलेली, पाय लुळे पडलेली माणसे जहाजांतून उतरवून नदीकाठच्या राजेशाही इस्पितळात नेली जात. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर राहिले ते इस्पितळात, आणि तेथल्या आजाऱ्यांची सेवा हेच त्यांचे पहिले काम ठरले. फ्रेंच खलाशी पिरार द लाव्हाल १६०८ साली गोव्यात आला, तेव्हा तो स्वतः या इस्पितळात आजारी होता. त्याने त्याची तोंड भरून स्तुती केली आहे. तेथे आजाऱ्यांना चांदीच्या भांड्यांतून जेवण वाढले जाई. भुकेने ग्रासलेल्या खलाशाला चांदीच्या ताटात जेवू घालणारे ते हात ख्रिस्ताचे होते, असे म्हणताना मला अभिमान वाटतो.

परंतु वाचकहो, तोच अभिमान त्याच शहरात मान खाली घालायला लावतो. यान हुइगेन व्हान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ साली आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की, शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी बाजार भरे आणि त्यात गुरांसारखी माणसे विकली जात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले ते स्त्री-पुरुष याच नदीने वर आले होते. मालकिणीने केलेले मुरंबे आणि मिठाया घेऊन गुलाम स्त्रिया रस्त्यावर विकायला बसत, पुरुष गोड्या पाण्याचे घडे वाहून विकत, आणि संध्याकाळी सारी कमाई मालकाच्या हाती देत. शहराने खाल्लेल्या गोडाच्या मागे कोणाची तहानभूक होती, हे यावरून कळते. १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे सोडल्यास, इन्क्विझिशनचे न्यायासनही याच शहरात बसले होते. ख्रिस्ताच्या नावाने माणसांना छळले गेले, हे सत्य आपण झाकू नये. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी सत्याच्या नावाने केलेल्या हिंसेबद्दल रोममध्ये जाहीर क्षमायाचना केली. क्षमा मागणाऱ्याला स्मरणही ठेवावे लागते.

माझ्या हातातल्या ताटाकडे मी पुन्हा पाहिले. शागुतीतली मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. काजू ब्राझीलहून, अननसही तिकडचाच. पाव हा शब्द त्यांचा, बटाटा त्यांचा, काजू आणि अननसही त्यांचे. मराठीने जेवणाबरोबर कामाचे शब्दही घेतले: चावी, घमेले, मिस्त्री, पगार. आणि 'तुरुंग' हा शब्दही त्याच घराण्यातला. पाव आणि तुरुंग एकाच भाषेतून आपल्याकडे आले, हे ध्यानात घेतले म्हणजे या नदीचा हिशेब बराचसा मांडून होतो.

जुने गोवे रोगराईने हळूहळू ओस पडले. १६३३-३४ साली काउंट ऑफ लिन्यारेश या व्हॉइसरॉयच्या कारकिर्दीत पणजी व रायबंदर यांना जोडणारा लांब पूल दलदलीवर उभा राहिला होताच. पुढे १७५९ साली व्हॉइसरॉय पणजीला आदिलशहाच्या वाड्यात राहायला आले, आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. शहर नदीच्या मुखाकडे सरकले आणि माणसे नदीतून बाहेर निघाली. पोट भरण्यासाठी गोमंतकीय तरुण मुंबईला जाऊ लागले. धोबी तलाव, माझगाव, डोंगरी या भागांत प्रत्येक गावाची 'कूड' असे. तेथे ट्रंका ठेवून, संध्याकाळी एकत्र जपमाळ म्हणून, ते जहाजावरच्या नोकरीची वाट पाहत. ब्रिटिश कंपन्यांच्या मोठमोठ्या प्रवासी जहाजांवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून गोमंतकीयांची ख्याती होती.

याच ठिकाणी आमच्या यात्रेतील एक वृद्ध गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे घराणे मूळचे बार्देशचे, दोन पिढ्यांपूर्वी मुंबईस आलेले. नाच पाहायला ते वर गेले नव्हते. म्हणाले, "फादर, माझा बाप बोटीवर स्टुअर्ड होता. तीस वर्षे साहेबांना रात्रीचे जेवण वाढले त्याने. पांढरा कोट, पांढरे हातमोजे. घरी आला की म्हणायचा, त्या टेबलावर मी एकदाही बसलो नाही." थोडा वेळ थांबून ते पुन्हा म्हणाले, "आज मी बसलो."

मला काही उत्तर सुचले नाही. पुस्तकांत मी जो इतिहास वाचला होता तो राजांचा, व्हॉइसरॉयांचा, फार तर संतांचा. या माणसाने सांगितलेली ओळ त्यात कोठेच नव्हती, आणि तरीही मांडवीवरच्या भोजनाचा खरा इतिहास तोच होता.

बोट मुखाजवळून वळली आणि पुन्हा पुलांच्या दिशेने निघाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी भारतीय सैन्य बेतीहून पाण्यावरूनच पणजीत उतरले, तेव्हा येथे पूल नव्हता. पुढे बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि लोकांना पुन्हा फेरीबोटींचा आधार घ्यावा लागला. १९९२ मध्ये दुसरा आणि २०१९ मध्ये तिसरा, उंच पूल वाहतुकीस खुला झाला. आता नदी ओलांडायला नदीची गरज उरलेली नाही. पात्रात नांगरलेल्या कॅसिनोंचे दिवे पाण्यावर हलत होते. त्यांच्या मधून एक साधी फेरीबोट, कामावरून परतणाऱ्या माणसांनी भरलेली, बेतीकडे चालली होती. आमच्या बोटीवरच्या गाण्याकडे तिच्यातील कोणीही मान वळवून पाहिले नाही.

धक्का जवळ आला तशी ताटे गोळा होऊ लागली. अनेक ताटांत भात अर्धा उरला होता. ताटे उचलणारी पोरे आमच्या मुलांच्याच वयाची होती. ते वृद्ध गृहस्थ उठले, आपल्या नातवापुढचे ताट त्याच्याकडे सरकवून म्हणाले, "संपव." आणि मग रिकामी ताटे एकावर एक रचून त्यांनी त्या पोराच्या हाती दिली, सवयीच्या हातांनी, एकही चमचा न वाजवता. बापाकडून मुलाकडे आलेले ते कसब असावे.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. मेजवानी देणाऱ्याने तुकड्यांची आठवण ठेवावी, याचे मला प्रवचन देताना नेहमी नवल वाटत आले आहे. इतिहासाचेही तसेच असावे. मोठ्या भोजनानंतर जे तुकडे पडून राहतात, ते गोळा करणे हे आपल्यासारख्या साध्या कुटुंबांचे काम आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत असा एखादा स्टुअर्ड, आचारी, खलाशी किंवा आया होऊन गेली असेल. त्यांची नावे, त्यांच्या बोटींची नावे, त्यांनी घरी सांगितलेल्या गोष्टी, आजी-आजोबा आहेत तोवर लिहून ठेवा. दहा वर्षांनी पुढचे दर्शन येईल, तेव्हा सांगणारे कोण उरलेले असतील, कोण जाणे.

त्या रात्री मुक्कामी परतल्यावर आम्ही जपमाळ म्हटली. शेवटी मी एक हेतू वाढविला: या नदीवर जे उपाशी राहिले, जे विकले गेले, जे मारले गेले, आणि दुसऱ्यांना वाढता वाढता ज्यांचे आयुष्य सरले, त्या सर्वांसाठी.