न्हाण, नागपंचमी आणि खो-खो

परंड्याचा इतिहास म्हटला की किल्ला येतो, मलिक अंबर येतो, इथून विजापूरला गेलेली मुलूखमैदान तोफ येते. आज आपण बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या शरीराचा इतिहास पाहू.

पूर्वी बऱ्याच घरांत न्हाण येण्याआधीच मुलीचं लग्न होई. न्हाण आलं की मखरात बसवायचं, ओटी भरायची आणि नांदायला धाडायचं. आपण ज्याला किशोरवय म्हणतो, ती वर्षं तिला मिळतच नव्हती.

खेळ मात्र होते. नागपंचमीला माहेरी येणारी सासुरवाशीण पुष्कळदा याच वयाची असे. फेर, झोका, फुगडी, झिम्मा यांना आज आपण 'बायकांचे खेळ' म्हणतो, पण वयाचा हिशोब केला तर ते वयात येणाऱ्या मुलींचेही खेळ होते. फुगडीला दम लागतो, तोल लागतो. फक्त ते सणापुरते, माहेरच्या अंगणातले.

मग कायदे आले. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झालं. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. पण बार्शी इंग्रजी मुलखात आणि परंडा निजामाच्या राज्यात! शेजारची गावं, कायदे वेगळे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढे दोन्हीकडे एकच कायदा झाला. १९७८ मध्ये हे वय अठरा झालं. कायदा अजूनही मोडला जातो, हे आपण जाणतोच. पण जिथं तो पाळला गेला, तिथं न्हाण आणि लग्न यांच्यामध्ये चार-पाच वर्षं मोकळी झाली.

ती भरायची कशानं? शाळेनं काही भरली. उरलेल्यांत 'आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस' हे वाक्य शिरलं. या वयात उंची झपाट्यानं वाढते, कंबर रुंदावते, अंगावर चरबी येते. ही निरोगी वाढच आहे. पण नेमकं तेव्हाच मैदान सुटलं, तर शरीर काय करू शकतं हे मुलीला कळत नाही. ते कसं दिसतं, एवढंच उरतं.

याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. महिलांची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींनी सुवर्णपदक घेतलं, तेव्हा कर्णधार होती आपली सारिका काळे. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

तेव्हा पाळीचं कारण देऊन खेळाच्या तासाला मुलीला वर्गात बसवण्याआधी, तिला एकदा विचारा तरी. दुखत असेल तर ती बसेल. नसेल तर पळेल.