सेवा आणि नागरिकत्व : पेडणे महालाचा धडा

धारगळहून उत्तरेकडे जाणारा हमरस्ता पत्रादेवीच्या सीमेवर पोहोचतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही या सीमेने पेडणे महालात शिरले आणि त्यांतील कित्येक पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या हौतात्म्याचे स्मरण आपण करतो. परंतु मृत्यूसमोरही हात न उगारण्याची ती शिस्त कोठे घडली, याचा विचार क्वचितच होतो.

ती शिस्त घडविणाऱ्या शाळांपैकी एक म्हणजे १९४१ साली सुरू झालेले राष्ट्र सेवा दल. एस. एम. जोशी हे त्याचे पहिले दलप्रमुख. शाखेतील खेळ, समूहगीते, शिबिरांतील सफाई आणि श्रमदान यांतून मुले जातिभेद विसरून एकत्र काम करण्यास शिकली. सेवा दलात वाढलेले तरुण पुढे गोव्याच्या सत्याग्रहात उतरले.

गोव्यात अशी उघड संघटना दुरापास्त होती. सालाझारशाहीने सभा व छपाई यांवर बंधने घातली होती. म्हणूनच १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांना मडगावात सभाबंदी मोडावी लागली. तथापि सार्वजनिक कार्याचा झरा येथेही पूर्वीपासून होता. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे, १९०८ सालचे, नावच पाहावे : मूठमूठ तांदूळ जमवून विद्येची सोय करणे. जो मूठ देतो, तो हिशेब विचारण्यासही शिकतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ साली ग्रामपंचायतींचा कायदा आला. १७८८ पासून परकी अंमलाखाली असलेल्या पेडण्यातील ग्रामस्थाला अल्पावधीतच मतदार आणि पंच व्हावे लागले. अधिकार कायद्याने मिळाला. तो चालविण्याचे कौशल्य मात्र कायदा देऊ शकत नव्हता.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे शिबिर, ही तिची परिचित चौकट. परंतु तास भरले म्हणजे नागरिक घडला, असे नव्हे. झाडू मुलांच्या हाती आणि निर्णय शिक्षकांच्या हाती, अशा शिबिरातून आज्ञाधारक मजूर निपजतो. कोणत्या वाड्यावर काम करावे, मतभेद कसा मिटवावा, जमाखर्च कोणापुढे ठेवावा, हे मुलांनी ठरविले तरच सेवेचे शिक्षण होते. त्यात त्यांच्या चुका होतील. त्या होऊ देणे हेही अध्यापनच होय.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जमीन, पाणी व रोजगार यांविषयी दूरगामी निर्णय होत आहेत. अठराव्या वर्षी मतदारयादीत नाव लागताच तरुण ग्रामसभेचा सभासद होतो. तेथे ठराव मांडणे, त्यातील आकडे तपासणे आणि विरोधकाचे म्हणणे शांतपणे ऐकणे त्याला जमले पाहिजे. ही विद्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचता येते. अंगी मात्र कामातूनच बाणते. ते काम मुलांवर विश्वासाने सोपविणे, हे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य होय.