मोटार वातानुकूलनातील खंडित थंडावा

मोटारीची वातानुकूलन यंत्रणा सुरू केल्यावर काही मिनिटे थंड हवा देते व नंतर कोमट हवा देऊ लागते, अशा बिघाडास येथे खंडित थंडावा म्हटले आहे. यंत्रणा थोडा वेळ बंद ठेवल्यास ती बहुधा पूर्ववत चालते.

कार्यपद्धती

कॉम्प्रेसर प्रशीतक वायूचा दाब वाढवतो. कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्या वायूचा द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना द्रवाचा दाब घटतो आणि कूलिंग कॉइलमध्ये त्याचे बाष्पीभवन होताना हवेतील उष्णता शोषली जाते.

कारणे व लक्षणे

• कॉइलवर बर्फ साचणे : झरोक्यांतील हवेचा झोत हळूहळू मंदावतो. तापमान संवेदक निकामी असणे, केबिन फिल्टर तुंबणे किंवा प्रशीतक कमी असणे ही याची कारणे होत. दमट हवेत बर्फ लवकर साचतो.
• कॉम्प्रेसरचा क्लच सुटणे : झिजेमुळे क्लचमधील फट वाढते, गुंडाळी तापली की तिचे चुंबकीय बल घटते. झोत कायम राहतो, मात्र हवा कोमट होते.
• कंडेन्सरचा पंखा बंद पडणे : वाहतूक कोंडीत थंडावा जातो, वेगात गाडी चालवताना परततो. दाब फार वाढल्यास सुरक्षा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो.
• प्रशीतकाची गळती : दाब घटल्याने कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होतो.
• यंत्रणेत ओलावा शिरणे : पाणी व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रात गोठते आणि प्रवाह अडतो.
• इंजिन अतितप्त होणे : अनेक मोटारींत नियंत्रक कॉम्प्रेसर आपोआप थांबवतो.

निदान

थंडावा जाताच प्रथम हवेचा झोत तपासतात. झोत मंद असल्यास फिल्टर व कॉइल पाहतात. झोत जोरदार असल्यास कॉम्प्रेसर व कंडेन्सरचा पंखा फिरतो का, ते पाहतात. त्यानंतर गेज लावून दोन्ही बाजूंचा दाब मोजतात.

दक्षता

यंत्रणा बंदिस्त असल्याने प्रशीतक वापराने संपत नाही. तो कमी झाल्यास गळती असते. ती न शोधता पुनःपुन्हा गॅस भरणे निरर्थक ठरते, तर गॅस जादा भरल्यास दाब वाढून कॉम्प्रेसरला अपाय होतो. आर-१३४ए हा प्रशीतक सामान्य दाबाखाली सुमारे उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे त्वचेस किंवा डोळ्यांस हिमदाह होऊ शकतो. १०० वर्षांच्या कालावधीत त्याची तापवृद्धी क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक असल्याने तो हवेत न सोडता यंत्राद्वारे परत गोळा करणे आवश्यक असते.