गाडी दोन इंच उचलायची, पण खर्च किती इंच वाढतो? स्वस्त लिफ्ट किट निवडण्याआधीचा हिशेब

मृग जवळ आला की खानापूर, कणकुंबी, चंदगड, तिलारी पट्ट्यातल्या गॅरेजवर एक चौकशी हमखास होते: "दोन इंच लिफ्टला किती घेणार?" थार, जिप्सी, जुन्या एमएम ५४० आणि आता जिम्नी, सगळ्यांचे मालक हेच विचारतात. भाव लगेच मिळतो. त्या भावात काय धरलंय आणि काय नंतर निघणार, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

आधी लिफ्टने काय होतं ते बघू. सस्पेन्शन लिफ्टमुळे चेसिस आणि बॉडी वर जाते. चिरा, दगड, ओढ्याची कड चढताना बंपर आणि पोट घासत नाही, मोठ्या टायरला जागा मिळते. पण ज्या गाडीला सलग एक्सल आहे, तिच्या डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. जिप्सी आणि जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल आहे, थारला मागे. हा गोळा जमिनीपासून वर उचलायचा एकच मार्ग, मोठा टायर. जिम्नीचा कंपनीचा १९५/८० आर १५ टायर साधारण ६९३ मिमी उंच असतो, २३५/७५ आर १५ साधारण ७३३ मिमी. म्हणजे गोळा २० मिमी वर. बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४-८५ ने पळत असते. चिखलात गोळाच अडकत असेल, तर नुसत्या स्प्रिंगवर घातलेले पैसे वाया गेलेच म्हणायचे.

जुन्या गाडीचा तर प्रश्नच वेगळा. पंधरा-वीस वर्षं ऊस, खत, सिमेंट वाहिलेल्या जीपचे पाटे दबलेले असतात. सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावावा आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी ताडून बघावं. इंच-दीड इंचाचा फरक निघाला तर लिफ्ट नको, कंपनीच्या मापाचे नवे पाटे हवेत. गेलेली उंची परत येते आणि कायद्याचाही त्रास नाही. जुन्याच पाट्यांना बाक मारून घेणं स्वस्त पडतं, पण योग्य ताव दिलेला नसला तर एका हंगामात ते परत बसतात.

पाट्याच्या गाडीला खरंच लिफ्ट करायची असेल, तर सगळ्यात स्वस्त लांब शॅकल. इथे एक गणित लक्षात ठेवायचं: शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. शिवाय एक्सल थोडा फिरतो, पुढे बसवला तर स्टिअरिंगची पकड बिघडते आणि हमरस्त्यावर गाडी भटकते. ते सुधारायला पाचर घालावी लागते. एक्सल आणि पाट्यात ठोकळा घालणं मागच्या बाजूला चालतं, पण एकावर एक ठोकळे रचू नयेत. पुढच्या एक्सलला ठोकळा नकोच, कितीही स्वस्त असो. जादा पाटा घालणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. गाडी थोडी कडक होते, पण मागे वजन वाहणाऱ्याला ते सोयीचंच.

२०१० साली आलेल्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार आहे. त्याचा बोल्ट आवळला की फुकटात उंची मिळते, म्हणून मोह होतो. मात्र चाकाची खाली जायची चाल तेवढीच कमी होते. खड्ड्यात चाक लोंबत नाही, आदळतं. २०२० च्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आली. तिच्या पुढच्या बाजूला शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर घातला, तर चाकापाशी उंची स्पेसरच्या जाडीपेक्षा बरीच जास्त वाढते, आणि बॉल जॉइंट व ड्राइव्ह शाफ्टचे कोनही तेवढेच ताणले जातात. "मोठा स्पेसर त्याच दरात" ही ऑफर म्हणूनच घेऊ नये. जिम्नीत लिफ्टनंतर एक्सल किंचित बाजूला सरकतो, त्यामुळे कमीजास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड हिशेबात धरावा.

खरा खर्च किटच्या डब्याबाहेर असतो. स्प्रिंग लांब झाली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर तो पूर्ण ताणून शेवटी माउंटिंग तोडतो. ब्रेकचा होज चाक पूर्ण लोंबवून बघावा. ताणला जात असेल तर लांब होज बसवल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढूच नये. चोर्ला घाटाच्या उतारावर होज तुटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. नवे यू-बोल्ट, अलाइनमेंट, हेडलाइटची दिशा, प्रोपेलर शाफ्टचा थरथराट, हे सगळं मिळून बिल किटच्या किमतीला गाठू शकतं. म्हणून कोटेशन मागताना किट आणि फिटिंग वेगळं लिहून घ्यावं. चार इंचाचं अर्धवट काम करण्यापेक्षा दीड-दोन इंचाचं शॉकअपसकट काम परवडतं. उंची वाढली की वळणावर गाडी कलंडायची भीतीही वाढते, हे उलट्या बाजूला मांडावंच लागतं.

राहिला कायदा. गाडी केए पासिंग असो, एमएच असो की जीए, मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे हद्द ओलांडून सुटका नाही. कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येऊ शकतो. काम देण्याआधी आपल्या आरटीओत आणि विमा एजंटकडे विचारून घ्यावं, शक्यतो लेखी.

काम झाल्यावर पाचेकशे किलोमीटरवर यू-बोल्ट आणि सगळे नट परत आवळून घ्यायचे. गॅरेजवाला हे फुकट करून देणार का, ते पैसे देण्याआधीच ठरवावं.